देणाऱ्याचे नाव कोणाला कळावे?

भारतीय रिझर्व्ह बँक कायद्याचे ३१वे कलम १९३४ पासून एक गोष्ट स्पष्टपणे सांगत आले आहे. मागताक्षणी धारकाला पैसे देण्याचे वचन देणारा कागद, मग तो हुंडी असो, वचनचिठ्ठी असो वा अन्य काही, रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्याखेरीज देशात कोणालाही काढता येत नाही. सराफाने किंवा पेढीने स्वतःच्या नावावर नोटेसारखा फिरणारा पैसा निर्माण करू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे ज्याच्या हाती असेल त्याचा, आणि हाती कसा आला हे न विचारता स्वीकारला जाणारा पैसा आपल्याकडे बेकायदा नाही. त्याचा मक्ता फक्त सरकारकडे आहे. मार्च २०२५ अखेर असा पैसा नोटांच्या रूपाने ३६ लाख कोटी रुपयांहून अधिक चलनात होता. शंभराची नोट भाजीवाल्याच्या हातावर ठेवणाऱ्याचे नाव कोठेही लिहिले जात नाही, आणि ते लिहिले जावे अशी मागणी आजवर कोणत्याही अर्थमंत्र्याने केलेली नाही.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, निनावी डिजिटल पैशाचा विषय निघाला की एखादे अभूतपूर्व संकट दारात आल्यासारखी चर्चा होते. सरकारी बाजू म्हणते की असा पैसा म्हणजे दहशतवाद, अमली पदार्थ आणि करचुकवेगिरी यांना मोकळे रान. दुसऱ्या बाजूला त्याचे कट्टर पुरस्कर्ते सांगतात की सरकारला पैशाचा कोणताही टप्पा दिसता कामा नये, कारण जे दिसते त्यावर आज ना उद्या ताबा मिळवला जातो. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली आहे : निनावीपणा घ्यायचा तर पूर्ण घ्यायचा, नाही तर मुळीच नाही. माझे म्हणणे असे की देणाऱ्याचे नाव झाकणे आणि घेणाऱ्याचे नाव झाकणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, त्या वेगळ्या ठेवण्याचे तंत्र चार दशकांपासून उपलब्ध आहे, आणि सामान्य रकमेच्या व्यवहारात देणाऱ्याचे नाव सरकारलाही कळू नये अशी तरतूद कायद्याने झाली पाहिजे.

डेव्हिड चॉम या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये ‘अंध स्वाक्षरी’ची कल्पना मांडली, तेव्हा इंटरनेट सामान्य घरांत पोहोचायला बराच अवकाश होता. माणूस कोठे जातो, काय वाचतो, कोणत्या संघटनेला वर्गणी देतो हे सारे त्याच्या देण्याघेण्याच्या नोंदींतून एका जागी गोळा होऊ शकेल, हे त्याने त्याच वेळी ओळखले होते. आपला उपाय त्याने पाकिटाच्या उदाहरणाने समजावून दिला. स्वतः निवडलेला एक क्रमांक कागदावर लिहायचा, तो आतून कार्बन लावलेल्या पाकिटात बंद करायचा आणि पाकीट बँकेला द्यायचे. बँक ग्राहकाच्या खात्यातून ठरलेली रक्कम वजा करते आणि पाकिटावर बाहेरून सही करते. ती सही कार्बनमुळे आतल्या कागदावर उमटते. पाकीट फाडले की बँकेच्या सहीचा, पण बँकेने कधीही न पाहिलेला कागद आपल्या हाती येतो. तोच कागद पुढे दुकानदाराकडून बँकेत आला की सही आपली आहे आणि हा क्रमांक पूर्वी वटलेला नाही, एवढे बँक तपासू शकते. तो मुळात कोणाला दिला होता, हे मात्र तिला सांगता येत नाही. कागद-कार्बनाचे हे काम चॉमने गणिताने करून दाखवले.

या रचनेतला जो भाग धोरणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, तोच चर्चेत हमखास सुटतो. डिजिटल नाण्याची नक्कल करणे सोपे असल्यामुळे दुकानदाराला ते हाती येताच बँकेकडून पडताळून घ्यावे लागते. तेच नाणे आधी दुसरीकडे खर्च झालेले नाही, याची खात्री केवळ बँक देऊ शकते. त्यामुळे घेणाऱ्याचे खाते, रक्कम आणि वेळ ही तिन्ही बँकेला कळतात. देणारा झाकलेला राहतो, घेणारा उघडा पडतो. आता लाच, खंडणी, काळ्या बाजारातली विक्री, लपवलेले उत्पन्न यांची यादी डोळ्यांसमोर आणावी. या साऱ्यांत कायद्याला मुख्यतः घेणारा हवा असतो. नोट दहा हातांतून फिरून येते आणि मधल्या नऊ हातांचा पत्ता लागत नाही. चॉमचे नाणे पहिल्याच हातातून बँकेत परतते. त्या अर्थाने ते गुन्हेगाराला नोटेपेक्षाही गैरसोयीचे आहे. जुन्या पेढ्यांच्या व्यवहारात शाहजोग हुंडी अशीच चाले. ती हातोहात फिरे, मधल्या हातांची कोणी झडती घेत नसे, पण शेवटी तिचे पैसे मिळत ते बाजारात पत असलेल्या शहालाच. पैसे उचलणारा ओळखीचा असला म्हणजे पुरे, हा विचार आपल्या व्यापाराला अपरिचित नव्हता.

चॉमने अ‍ॅमस्टरडॅममध्ये काढलेली डिजिकॅश ही कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत मिसुरीतील मार्क ट्वेन बँकेने १९९५ मध्ये तिचे नाणे ग्राहकांना देऊन पाहिले होते, पण लोकांना क्रेडिट कार्ड पुरेसे वाटले. या कंपनीवर कोणत्याही सरकारने बंदी घातली नव्हती, हे इथे नोंदवले पाहिजे. देणारा झाकणारा आणि घेणारा उघडा ठेवणारा पैसा बाजारात हरला, आणि त्याच्या जागी पुढे जे आले ते सरकारांशी थेट टक्कर घेणारे होते.

त्या टकरीचा इतिहास मोठा आहे. त्यातली काही वळणे पुरेशी आहेत. सोन्याच्या साठ्यावर आधारलेली ‘ई-गोल्ड’ ही सेवा १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. खाते उघडणाऱ्याची खरी ओळख ती तपासत नसे. तिच्या चालकांवर २००७ मध्ये आरोप ठेवले गेले आणि पुढच्या वर्षी त्यांनी गुन्हा कबूल केला. कोस्टारिकातली ‘लिबर्टी रिझर्व्ह’ २०१३ मध्ये बंद पाडली गेली आणि तिच्या संस्थापकाला वीस वर्षांचा तुरुंगवास झाला. या दोन्ही सेवांना मालक होता, पत्ता होता, म्हणून सरकारला दार ठोठावता आले. बिटकॉइनला तसा मालक नव्हता; पण ते निनावी आहे हा समज मुळात चुकीचा होता. त्याची खातेवही साऱ्या जगाला खुली असते आणि एकदा एखाद्या पत्त्यामागचे (म्हणजे तिथल्या खातेक्रमांकामागचे) नाव कळले की त्याचा पूर्वीचा सारा हिशेब उलगडत जातो. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीच्या कंपनीने खंडणीखोरांना ७५ बिटकॉइन दिले, त्यातले ६३.७ तपासयंत्रणेने महिन्याभरात परत मिळवले. रोख खंडणीच्या बाबतीत पोलिसांना असे यश क्वचितच मिळाले असेल.

म्हणूनच खरा निनावीपणा हवा असणारे पुढे सरकले. २०१४ मध्ये मोनेरो आले, २०१६ मध्ये झीकॅश. त्यांच्या मागोमाग सरकारेही सरकली. जपानच्या नियामकाच्या दबावाखाली तिथल्या बाजारांनी २०१८ मध्ये ही नाणी काढून टाकली, दक्षिण कोरियाने २०२१ मध्ये आणि दुबईने २०२३ मध्ये त्यांना दार बंद केले, आणि युरोपीय संघाच्या नव्या नियमांनुसार जुलै २०२७ पासून परवानाधारक क्रिप्टोसेवांना निनावी खाती व अशी नाणी हाताळता येणार नाहीत. त्याच नियमांनी व्यापारातील रोख देण्यावर दहा हजार युरोंची मर्यादाही घातली आहे. क्रिप्टो आणि रोख एकाच नियमावलीत यावी, हे पुढच्या विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या संघर्षातले सर्वांत बोलके प्रकरण ‘टॉर्नेडो कॅश’चे. २०१९ मध्ये सुरू झालेला हा संगणकीय कार्यक्रम म्हणजे एक सामाईक हौद होता. ठरावीक रकमेची ईथर ही (ईथरियम या क्रिप्टोजाळ्यावरची) नाणी त्यात टाकायची आणि काही काळाने, आपण टाकली होती एवढेच गणिताने सिद्ध करून, दुसऱ्याच पत्त्यावर तितकीच काढून घ्यायची. कोणी टाकलेली कोणी काढली याचा धागा तुटतो. उत्तर कोरियाच्या लाझरस या हॅकर गटाने २०२२ मध्ये रोनिन या क्रिप्टोजाळ्यावर दरोडा घालून सुमारे ६२ कोटी डॉलर पळवले आणि त्यातली मोठी रक्कम या हौदातून धुऊन काढली. अमेरिकी अर्थखात्याने ८ ऑगस्ट २०२२ रोजी टॉर्नेडो कॅशवर निर्बंध घातले. एखाद्या माणसावर किंवा संस्थेवर घालावेत तसे निर्बंध एका संगणकीय कार्यक्रमावर घातले गेले, ही त्यातली नवलाई. दोनच दिवसांनी त्याच्या निर्मात्यांपैकी एकाला नेदरलँड्समध्ये अटक झाली आणि २०२४ च्या मे महिन्यात त्याला पाच वर्षे चार महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. इकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, कोणाच्याही मालकीचा नसलेला आणि कोणालाही बदलता न येणारा संगणकीय कार्यक्रम कायद्याच्या अर्थाने मालमत्ता ठरत नाही, त्यामुळे त्यावर निर्बंध लावता येत नाहीत. मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्या निर्मात्याला विनापरवाना पैसे पाठवण्याचा व्यवसाय चालवल्याच्या कटाबद्दल दोषी ठरवले गेले. पैसे धुण्याच्या आरोपावर मात्र ज्युरीचे एकमत झाले नाही.

या प्रकरणात मी कोणत्याही एका बाजूला पूर्ण उभा राहू शकत नाही. ईथरियमचा सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन याने युक्रेनला मदत पाठवताना हाच हौद वापरल्याचे जाहीर सांगितले होते, आणि घेणाऱ्यांच्या जिवाची काळजी हे त्याचे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पण हौदाची रचनाच अशी की देणाराही झाकला जातो आणि घेणाराही. रकमेला मर्यादा नाही, आणि साहाय्य निधी व दरोड्याचा ऐवज यांत फरक करण्याची सोय नाही. मुंबईत स्थापन झालेल्या वझीरएक्स या क्रिप्टोबाजारातून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३.५ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी त्याचे खापर उत्तर कोरियावर फोडले. भारतातल्या असंख्य सामान्य गुंतवणूकदारांची पुंजी त्यात अडकली. चोरट्यांचा माग पुसणाऱ्या यंत्राला सरकारने विरोध करू नये, असे त्या गुंतवणूकदारांना जाऊन सांगण्याची माझी तयारी नाही.

भारतातला सरकारी विरोध याहून बेताचा आणि अधिक धूर्त राहिला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोव्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले; सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक अवाजवी ठरवून रद्द केले. मग बंदीऐवजी कर आला : २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के आणि प्रत्येक विक्रीवर एक टक्का उगमकर (टीडीएस), ज्याचा खरा उपयोग महसुलापेक्षा नोंदीसाठी अधिक. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टोसेवा आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. यात मला मोठे आक्षेपार्ह काही दिसत नाही. सट्ट्याच्या नाण्याला नोटेचा दर्जा मागणाऱ्यांचा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही.

अडचण पुढे सुरू होते. उत्तर कोरियाच्या दरोड्यासाठी उभा केलेला युक्तिवाद हळूहळू किराण्याच्या दुकानापर्यंत उतरतो, आणि प्रत्येक देण्याची नोंद असणे ही प्रामाणिकपणाची खूण मानली जाऊ लागते. रोख म्हणजे काळा पैसा या समीकरणाची परीक्षा आपण ८ नोव्हेंबर २०१६ रोजी देऊन पाहिली आहे. रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटींच्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटींच्या, म्हणजे ९९.३ टक्के, बँकांत परत आल्या. काळे धन नोटांच्या थप्प्यांत बसलेले असते ही कल्पना तिथेच कोसळली. त्यानंतरच्या काळात यूपीआय व्यवहारांची संख्या महिन्याला १,८०० कोटींपलीकडे गेली आणि तरीही चलनातल्या नोटा नोटबंदीपूर्वीच्या दुपटीहून अधिक झाल्या. हे सारे लोक कर चुकवतात म्हणून नोटा बाळगतात, असे म्हणायला काहीही आधार नाही. नवऱ्याच्या मोबाइलवर प्रत्येक व्यवहाराचा संदेश जातो अशा जोडखात्याच्या भागीदार बाईला घरातल्या डब्यातली नोट का हवी असते, याचे उत्तर आयकर कायद्यात सापडणार नाही.

देणाऱ्याचा खासगीपणा ही आपल्या न्यायव्यवस्थेला परकी कल्पनाही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटले की बँकेच्या हाती दिलेल्या नोंदींवर ग्राहकाचा खासगीपणाचा हक्क उरत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कॅनरा बँक प्रकरणात ती वाट नाकारली आणि कागद बँकेत असला तरी त्यातला खासगीपणा माणसाचाच राहतो, अशी भूमिका घेतली. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यावर गदा आणणाऱ्या प्रत्येक उपायाला प्रमाणशीरतेची कसोटी लावली. कागदावर आपण बऱ्याच पुढे आहोत. प्रत्यक्षात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा सरकारला आपल्याच यंत्रणांना अधिसूचनेने वगळण्याची मुभा देतो, म्हणजे ज्याच्यापासून संरक्षण हवे त्याच्याच हाती कुंपणाचे फाटक.

दिसणे आणि रोखणे यांतले अंतर डिजिटल पैशात फार कमी असते, याची उदाहरणे लोकशाही देशांतलीच आहेत. कॅनडाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रकचालकांच्या आंदोलनाच्या वेळी आणीबाणीचा कायदा वापरून, न्यायालयाचा आदेश न घेता, आंदोलकांची बँकखाती गोठवली; जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने त्या कायद्याचा वापर अवाजवी ठरवला, पण तोवर दोन वर्षे उलटली होती. ते आंदोलन मला रुचले नव्हते. कोणाला रुचले नाही यावर असले अधिकार ठरू नयेत, म्हणूनच ते उदाहरण देतो. आपल्याकडे २०२३ मध्ये केरळातल्या लहान व्यापाऱ्यांची खाती अन्य राज्यांच्या पोलिसांच्या सांगण्यावरून गोठली. गुन्हा एवढाच की, कोठेतरी झालेल्या फसवणुकीतली काही रक्कम चार हात फिरून एखाद्या गिऱ्हाइकाच्या यूपीआयमार्फत त्यांच्या खात्यात आली होती. वादातल्या रकमेपुरतेच खाते रोखावे, असे केरळ उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

आणि पाहणाऱ्यांचे काय? पुण्यात गेनबिटकॉइन या गुंतवणूक घोटाळ्याचा तपास २०१८ मध्ये सुरू असताना पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. तपासात हाती आलेली क्रिप्टोनाणी त्यांनी स्वतःकडे वळवल्याचा आरोप होता, आणि त्यांतला एक माजी पोलीस अधिकारी होता. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. पण ज्याच्या हाती दुसऱ्याच्या पैशाची किल्ली किंवा नोंद जाते तो माणूसच असतो, आणि व्यवस्था आखताना त्याच्या सचोटीवर सारी भिस्त ठेवता येत नाही, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

इथे राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी काढलेल्या निवडणूक रोख्यांकडे वळावे लागते, कारण निनावी पैशाला सरकारचा विरोध तत्त्वाचा आहे की सोयीचा, हे त्या प्रकरणाइतके स्वच्छ कोठेच दिसत नाही. धारकाला देय कागद काढण्यास मनाई करणाऱ्या ज्या कलमाचा उल्लेख वर आला, त्यालाच २०१७ च्या वित्त कायद्याने अपवाद जोडला गेला आणि अनुसूचित बँकेला निवडणूक रोखे काढता येतील असे ठरले. धारकाच्या हाती फिरू शकणाऱ्या अशा कागदामुळे नोटेवरचा विश्वास कमकुवत होईल आणि पैसे धुण्याला वाव मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१७ मध्येच लेखी कळवले होते. सल्ला उशिरा आला, वित्त विधेयक छापून झाले आहे, असे उत्तर महसूल सचिवांकडून गेले. त्याच सुमारास दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास नागरिकांना बंदी झाली. एकीकडे घराच्या रंगकामाचे रोख पैसे संशयास्पद ठरत होते आणि दुसरीकडे एक कोटीचा निनावी रोखा स्टेट बँकेच्या खिडकीवर मिळत होता. योजना रद्द होईपर्यंत सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले.

त्या निनावीपणाची रचना नीट पाहावी. रोखे घेणाऱ्याची ओळख स्टेट बँकेकडे होती, आणि फौजदारी गुन्हा नोंदवला की तपासयंत्रणेला ती मागता येत होती. मतदाराला मात्र ती कळू शकत नव्हती. म्हणजे सत्तेला दिसेल आणि नागरिकाला दिसणार नाही असा तो निनावीपणा होता. चॉमच्या नाण्याच्या अगदी उलट. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. त्या निकालातला एक विचार आपल्या विषयाला थेट लागू पडतो : राजकीय आवडीनिवडीचा खासगीपणा न्यायालयाने मान्य केला, पण धोरणावर प्रभाव पाडण्यासाठी दिलेल्या देणगीला त्याचे कवच मिळणार नाही असे सांगितले. रक्कम, हेतू आणि घेणाऱ्याची सत्ता यांवर निनावीपणाची मर्यादा अवलंबून असावी, हे सूत्र देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच अशा रीतीने हाती दिले आहे.

हे सूत्र आता लावायचे आहे ते रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाला, म्हणजे ई-रुपयाला. २०२२ च्या वित्त कायद्याने नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूप आणले आणि १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, दिल्ली, बंगळुरू व भुवनेश्वर या शहरांत किरकोळ वापराचा प्रयोग सुरू झाला. मार्च २०२५ अखेर चलनात असलेला ई-रुपया सुमारे एक हजार कोटींचा होता; नोटांच्या पुढे ही रक्कम नगण्य आहे. ऑक्टोबर २०२२ च्या संकल्पना टिपणात रिझर्व्ह बँकेने लहान रकमांना निनावीपणा आणि मोठ्या रकमांचा माग, असे धोरण सांगितले. तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी २०२४ मध्ये कायद्याने किंवा व्यवहारांच्या नोंदी कायमच्या पुसून टाकण्याच्या तंत्राने हा निनावीपणा साधता येईल, असेही म्हटले. हेतू चांगला आहे. पण नोंद पुसण्याचे आश्वासन आणि नोंद मुळातच न होणारी रचना यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुसणारा हात ज्याचा, तो पुसण्यापूर्वी वाचू शकतो. आजचे ई-रुपयाचे पाकीट मोबाइल क्रमांकाशी आणि बँकेच्या ओळखपडताळणीशी बांधलेले आहे, आणि ते यूपीआयच्या क्यूआर संकेतावर चालावे अशी सोय केल्यामुळे लोकांना यूपीआय आणि ई-रुपया यांत फरक जाणवण्याचे कारणही उरलेले नाही. भरीस भर म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये या पैशाला अटी जोडण्याची, म्हणजे तो ठरावीक कामासाठी वा ठरावीक ठिकाणीच खर्च व्हावा अशी, सोय जाहीर झाली. अनुदानासाठी ती उपयुक्त असेलही. पण अट जोडता येणारा आणि माग ठेवता येणारा पैसा नोटेची जागा घेणार असेल, तर नोटेची कोणती गुणवैशिष्ट्ये आपण सोडून देत आहोत याची संसदेत चर्चा व्हायला हवी होती. ती झाली नाही.

तंत्र नाही, अशी सबब आता चालणार नाही. स्विस नॅशनल बँकेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात चॉम आणि त्याच्या सहलेखकांनी अंध स्वाक्षरीवर मध्यवर्ती बँकेचे डिजिटल चलन कसे उभारता येईल हे मांडले. बाझेलच्या आंतरराष्ट्रीय देणी बँकेने ‘टुरबियाँ’ नावाच्या प्रकल्पात २०२३ मध्ये नेमकी हीच रचना, देणारा निनावी आणि घेणारा उघड, चालवून पाहिली आणि ती चालते असा अहवाल दिला. रिझर्व्ह बँक त्या संस्थेची सदस्य आहे.

आक्षेप आहेत, आणि त्यांतला सर्वांत जुना सर्वांत टोकदार आहे. अंध स्वाक्षरीने ‘परिपूर्ण गुन्हा’ शक्य होतो, असे दोन संशोधकांनी १९९२ मध्येच दाखवले. अपहरणकर्ता स्वतःची बंद पाकिटे पाठवतो, कुटुंब त्यांवर बँकेची सही घेऊन सही वर्तमानपत्रातून छापते, आणि गुन्हेगार कोणालाही न भेटता, कोठेही न दिसता, वैध नाणी घरबसल्या तयार करतो. घेणारा उघडा पडतो हा माझा सारा युक्तिवाद इथे अडखळतो. उत्तर रकमेच्या मर्यादेत आहे. एका माणसाला महिन्याला अमुक हजारांपर्यंतच अशी नाणी काढता येतील असे ठरले, तर खंडणीची रक्कम जमवायला शेकडो खाती लागतील आणि तो जमाव स्वतःच माग देईल. मर्यादा चुकवण्यासाठी दुसऱ्यांच्या नावांचा वापर होईल, हे खरे. ते आज रोखीतही होते, आणि तरी आपण नोटा बंद केलेल्या नाहीत.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. घेणारा उघडा ठेवायचा म्हणताना घेणारा नेहमी लाचखाऊच असतो असे नाही. तो वडापावची गाडी चालवणाराही असतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरील जमेच्या आधाराने हजारो लहान विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या, आणि बंगळुरूच्या कित्येक दुकानांवरचे क्यूआर फलक उतरून तिथे फक्त रोख घेतली जाईल अशी पाटी लागली. खात्यात आलेली प्रत्येक रक्कम विक्री नसते. उसने पैसे, भिशी, घरच्यांनी पाठवलेले पैसे हेही त्याच खात्यात येतात. पण यावर घेणाऱ्यालाही झाकणे हा उपाय मला मान्य नाही, कारण त्या पडद्यामागे वडापाववाल्याच्या आधी बिल्डर जाऊन बसेल. उपाय नोटिशीच्या बाजूला आहे : वस्तूंच्या विक्रीला जीएसटी नोंदणीतून असलेल्या चाळीस लाखांच्या सवलतीच्या मर्यादेखालच्या जमेवरून चौकशी सुरू करता येऊ नये, आणि त्या मर्यादेवरची जमा हा संशयाचा आरंभ मानावा, कराची मागणी नव्हे. घेणाऱ्याचे नाव दिसू द्यायचे तर ते नाव हाती असलेल्या अधिकाऱ्याचे हात बांधणेही त्याच सौद्याचा भाग आहे.

तेव्हा रिझर्व्ह बँक कायद्यातल्या डिजिटल नोटेच्या तरतुदीला तीन गोष्टी जोडाव्यात, अशी माझी मागणी आहे. ठरावीक मासिक मर्यादेपर्यंत ई-रुपयाने पैसे देणाऱ्याची ओळख बँकेला, रिझर्व्ह बँकेला किंवा सरकारला कळू शकणार नाही अशीच रचना असावी, आणि ती तशी आहे हे स्वतंत्र तज्ज्ञांना तपासता यावे म्हणून तिचा संगणकीय आराखडा खुला असावा. या मर्यादेतल्या नाण्यांना खर्चाच्या अटी जोडता येऊ नयेत. आणि ही मर्यादा महागाईबरोबर आपोआप वाढावी. रोख स्वीकारण्याची दोन लाखांची मर्यादा २०१७ पासून आहे तिथेच आहे, आणि दर वर्षी ती न बदलताच थोडी थोडी आक्रसत आली आहे.